विंडोज आणि लिनक्स एकाच लॅपटॉपवर: बूटच्या क्रमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात माझ्या घरी संध्याकाळी लॅपटॉप घेऊन कोणी ना कोणी येतंच. फर्मागुडीच्या इंजिनियरिंग कॉलेजातली मुलं येतात, शाळेतले मास्तर येतात, कुंडईच्या कारखान्यातून सुटलेले लोक घरी जाता जाता वळतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार (सपोर्ट) संपला. तेव्हापासून जुन्या पण धडधाकट लॅपटॉपवर विंडोजशेजारी लिनक्स टाकून घेणारे पुष्कळ वाढले, आणि त्यांच्याबरोबर एकच तक्रार वाढली: ‘हवं ते उघडत नाही, नको ते उघडतं.’ तोंडी सांगितलेलं घरी पोचेपर्यंत विसरायला होतं, म्हणून एकदा नीट लिहून काढलं.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाईप करताना रोमन अक्षरंच वापरायची. लिनक्सवर लहान-मोठ्या अक्षरांचा फरक पडतो, त्यामुळे जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

कालपर्यंत चालू करताना निवड विचारत होता, आज सरळ विंडोज उघडलं. लिनक्स उडालं का?

नाही. या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’च असतं. लिनक्सचं विभाजन (डिस्कचा त्याच्यासाठी वेगळा केलेला भाग), त्यातल्या फायली, सगळं डिस्कवर जागच्या जागी आहे. फक्त यंत्राने चालू होताना आधी कोणाला हाक मारायची, तो बूटचा क्रम बदलला आहे. विंडोजचं मोठं अपडेट झालं, बायॉस अपडेट झालं किंवा डिस्क काढून परत लावली की असं होतं.

हे मी इतक्या ठासून सांगतो त्याला कारण आहे. आमच्या वाड्यावरच्या एका नाटक मंडळाचा लॅपटॉप असाच ‘बिघडला’ होता. जत्रेतल्या नाटकांच्या टाईप केलेल्या संहिता, तालमींची ध्वनिमुद्रणं, आता हयात नसलेल्या एका पेटीवाल्यांनी वाजवलेली पदं, सगळं लिनक्सच्या बाजूला ठेवलेलं होतं. दुरुस्तीला नेला तिथे ‘लिनक्स करप्ट झालंय’ म्हणून डिस्क फॉरमॅट मारून नवीन विंडोज घालून दिलं. दोन दिवसांनी लॅपटॉप माझ्याकडे आला तेव्हा त्यावर नवीन माहिती लिहून झाली होती आणि फारसं काही परत मिळालं नाही. मूळ दुखणं काय होतं हे आता सिद्ध करता येणार नाही. पण त्यांनी सांगितलेली लक्षणं ऐकली तर ती क्रम बदलल्याचीच होती. पाच मिनिटांचं काम होतं.

म्हणून कोणीही ‘फॉरमॅट मारूया’ म्हणालं तर आधी लॅपटॉप परत मागून घ्या आणि पुढचं वाचा.

हा क्रम नेमका असतो कुठे?

डिस्कवर नसतो, हे पहिलं लक्षात घ्या. मदरबोर्डवर एक छोटी फ्लॅश चिप असते. फर्मवेअर, म्हणजे यंत्र चालू होताच सगळ्यात आधी चालणारं सॉफ्टवेअर, तिथेच राहतं, आणि त्याच्याच एका कोपऱ्यात काही नोंदी जपून ठेवलेल्या असतात. त्या कोपऱ्याला एनव्हीरॅम म्हणतात. प्रत्येक नोंदीला बूट०००१, बूट०००३ असा चार आकडी क्रमांक असतो (हे आकडे सोळाच्या पायावरचे असतात, त्यामुळे कधी ०००ए सारखंही काही दिसतं, घाबरू नका). प्रत्येक नोंदीत एक नाव, कुठल्या डिस्कचं कुठलं विभाजन आणि त्यातली कुठली फाईल चालवायची एवढं लिहिलेलं असतं. ‘बूटऑर्डर’ नावाची वेगळी नोंद असते, तिच्यात फक्त क्रमांकांची रांग असते. आणखी एक ‘बूटनेक्स्ट’ असते. ती एकदाच वापरली जाते आणि मग पुसली जाते.

डिस्कवर असतं ते दुसरं अंग: ईएसपी, म्हणजे ईएफआय सिस्टिम पार्टिशन. आकाराने लहान, विंडोजने स्वतः बनवलेलं असेल तर बहुधा १०० एमबी, आणि फॅट३२ पद्धतीचं. त्यात ईएफआय नावाच्या फोल्डरखाली प्रत्येकाची खोली वेगळी असते. विंडोजची मायक्रोसॉफ्ट, उबुंटूची (लिनक्सचाच एक प्रकार) उबुंटू, आणि कोणाच्याच मालकीची नसलेली ‘बूट’ नावाची एक, जिच्यात बूटएक्स६४ ही राखीव फाईल असते. रांगेतलं कोणीच सापडलं नाही तर फर्मवेअर शेवटी त्या राखीव फाईलकडे जातं. पेनड्राईव्हवरून लिनक्स चालू होतं ते याच फाईलमुळे.

थोडक्यात, पत्त्यांची वही मदरबोर्डवर आणि घरं डिस्कवर. वहीतलं पान फाटलं म्हणून घर पडत नाही.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘ईएफआयबूटएमजीआर’ टाईप करा: ई, एफ, आय, मग बूट, मग एम, जी, आर, सगळं जोडून. माझ्या लॅपटॉपवर पहिली ओळ येते ‘बूटकरंट: ०००३’, म्हणजे आत्ता ज्या नोंदीवरून चालू झालो ती. मग ‘टाईमआऊट’, मग ‘बूटऑर्डर: ०००३,०००१,२००१’. त्याखाली एकेक नोंद: ०००१ समोर ‘विंडोज बूट मॅनेजर’, ०००३ समोर ‘उबुंटू’. क्रमांकाला चिकटून तारा असला तर ती नोंद चालू आहे, तारा नसला तर झोपवलेली आहे. हा पडदा नीट चालत असतानाच मोबाईलवर फोटो काढून ठेवा. पुढे कधी घोळ झाला तर तो फोटो बघून दोन मिनिटांत सगळं पूर्ववत करता येतं. एवढं एक काम आज करा, बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल.

बायॉस म्हणतात ते हेच का?

बोलताना हो, तांत्रिकदृष्ट्या नाही. जुनं बायॉस डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा वाचून तिथे जे असेल ते चालवायचं, आणि त्या तुकड्याचा धनी एकच असू शकायचा. त्यामुळे विंडोज पुन्हा टाकलं की लिनक्सचं ग्रब (कुठली सिस्टिम उघडायची ती यादी दाखवणारा प्रोग्रॅम) खरोखरच पुसलं जायचं. ती भीती लोकांच्या मनात अजून आहे. पुढे बायॉसच्या जागी इंटेलने ईएफआय आणलं, २००५ मध्ये यूईएफआय फोरम स्थापन झाला आणि त्यानंतर ते यूईएफआय या नावाने सगळ्यांचं मानक झालं. आता प्रत्येकाची फाईल वेगळ्या फोल्डरात असल्यामुळे एक दुसऱ्याला सहसा पुसत नाही, फक्त रांगेत पुढे घुसतो. सेटिंगच्या पडद्याला सगळे अजून बायॉसच म्हणतात, मीही खाली तसंच म्हणतो.

माझं यंत्र यूईएफआयवरच चालतंय हे कसं कळेल?

विंडोजमध्ये ‘एमएसइन्फो३२’ चालवा, ‘बायॉस मोड’ समोर यूईएफआय असं दिसेल. लिनक्समध्ये सिस फोल्डरच्या आतल्या फर्मवेअरमध्ये ईएफआय नावाचा फोल्डर असला तर यूईएफआय, नसला तर जुनी, बायॉसवाली लेगसी पद्धत. एक यूईएफआयवर आणि दुसरं लेगसीवर टाकलेलं असेल तर ग्रबच्या यादीतून दुसऱ्याकडे जाता येत नाही. हा घोळ बहुतेक वेळा पेनड्राईव्हपासून सुरू होतो. बूट मेन्यूत एकच पेनड्राईव्ह दोनदा दिसतो. ज्याच्या मागे यूईएफआय लिहिलंय तोच निवडायचा.

क्रम बदलायचा नाही, फक्त आज एकदा दुसरीकडे जायचंय.

हाच मार्ग मला सगळ्यात आवडतो, कारण यात मोडण्यासारखं काही नाही. लॅपटॉप चालू करताना बूट मेन्यूची कळ सारखी दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर एफ१२, एचपीवर एफ९, आसुसच्या लॅपटॉपवर एस्केप, एसरवर एफ१२ (पण एसरवर बऱ्याचदा आधी एफ२ ने बायॉसमध्ये शिरून ‘एफ१२ बूट मेन्यू’ चालू करावा लागतो). लेनोवोच्या काही लॅपटॉपना बाजूला नोव्हो नावाचं बारीक छिद्र असतं, सिमकार्डची पिन घालून दाबलं की मेन्यू येतो. लॅपटॉप घेतल्यावर हे छिद्र कशाचं म्हणून वर्षभर कोणी पाहिलेलं नसतं.

कळ पकडता येत नसेल तर विंडोजमधून जा: शिफ्ट दाबून धरून रिस्टार्टवर क्लिक करा, निळ्या पडद्यावर ‘यूज अ डिव्हाइस’ निवडा, यादीत उबुंटू असेल. लिनक्समधून विंडोजकडे एकदाच जायचं असेल तर ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर -एन ०००१’ आणि मग रिस्टार्ट. ‘सुडो’ म्हणजे कमांड ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं. इथला एन लहान. हीच ती बूटनेक्स्टची नोंद. एकदा वापरून झाली की जुना क्रम आपोआप परत येतो.

आमच्याकडे एक शिक्षिका येतात, शाळेत मुलांना कोडिंग शिकवण्यासाठी लिनक्स वापरतात आणि निकालपत्रकं विंडोजमध्ये करतात. त्या क्रमाला हातच लावत नाहीत. सकाळी एफ१२, हवं ते निवडलं, कामाला लागल्या. गेल्या दोन वर्षांत त्यांची एकही तक्रार नाही.

कायमचा क्रम कुठून बदलू?

तीन जागा आहेत, पण लिहिलं जातं एकाच ठिकाणी, त्या चिपमध्ये. कुठल्याही एका जागेवरून करा. तिन्ही ठिकाणांहून आलटून पालटून केलं की कशाने काय झालं ते कळत नाही, आणि मग माणूस वैतागून फॉरमॅटकडे वळतो.

पहिली जागा बायॉस. डेल, एसर, आसुस, लेनोवोवर बहुधा एफ२, एचपीवर एफ१०. ‘बूट’ किंवा ‘बूट ऑर्डर’ पानावर उबुंटू वर सरकवा, एफ१० ने जतन करा. एचपीच्या बऱ्याच लॅपटॉपवर ‘ओएस बूट मॅनेजर’ ही एकच ओळ दिसते आणि माणसं तिथूनच परत येतात. त्या ओळीवर एंटर दाबा, आत विंडोज आणि उबुंटू वेगवेगळे दिसतात.

दुसरी जागा लिनक्स. ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर -ओ ०००३,०००१’. इथे ओ हे इंग्रजी अक्षर आहे, शून्य नव्हे, आणि स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही. जे क्रमांक रांगेत लिहिणार नाही ते रांगेबाहेर पडतात, म्हणून पेनड्राईव्हचा क्रमांक यादीत असेल तर तोही शेवटी लिहा. क्रमांक तुमच्या पडद्यावरचेच घ्या, माझे नव्हेत.

तिसरी जागा विंडोज, लिनक्सपर्यंत पोचताच येत नसेल तेव्हा कामाची. कमांड प्रॉम्प्ट ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ने उघडा. पॉवरशेल नको, कारण त्यात महिरपी कंसांचा अर्थ वेगळा लागतो आणि कमांड चुकते. ‘बीसीडीएडिट /एनम फर्मवेअर’ दिल्यावर सगळ्या नोंदी येतील. उबुंटूच्या वर्णनाजवळ महिरपी कंसात एक लांबलचक ओळखक्रमांक असेल, तो कॉपी करा. मग ‘बीसीडीएडिट /सेट’, पुढे महिरपी कंसात ‘एफडब्ल्यूबूटएमजीआर’, पुढे ‘डिस्प्लेऑर्डर’, पुढे तो ओळखक्रमांक कंसासकट, आणि शेवटी ‘/ॲडफर्स्ट’. त्याच कमांडमध्ये महिरपी कंसात ‘बूटएमजीआर’ घालून पाथ बदलण्याचा उपायही लोक एकमेकांना सुचवतात. त्याने विंडोजच्या स्वतःच्या नोंदीचा पत्ताच बदलतो, आणि उबुंटूची फाईल हलली तर एकाच वेळी दोन्ही बंद. मी तो कोणाला करू देत नाही.

क्रम बदलतो, रिस्टार्ट करतो, आणि पुन्हा विंडोजच!

काही लॅपटॉपचं फर्मवेअर बूटऑर्डरला मान देत नाही. चालू होताना विंडोज बूट मॅनेजर शोधतं आणि त्यालाच पुढे काढतं. हा फर्मवेअरचा दोष आहे, तुमची चूक नव्हे. आधी उत्पादकाचं नवीन बायॉस अपडेट आहे का पाहा आणि चार्जर लावूनच ते करा.

एसरवर वेगळी गोष्ट असू शकते. तिथे आधी सुपरवायझर पासवर्ड ठेवावा लागतो, मग ‘सिलेक्ट ॲन यूईएफआय फाईल ॲज ट्रस्टेड’ हा पर्याय जिवंत होतो. त्यातून उबुंटूच्या फोल्डरातली ‘शिमएक्स६४’ (शिम, म्हणजे उबुंटू चालू करणारी पहिली फाईल) निवडली की ती यादीत येते. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा, तो विसरणं फार महागात पडतं.

एवढं करूनही ऐकत नसेल तर विंडोजच्या फायलींची नावं बदलण्याचे उद्योग करू नका. पुढच्या विंडोज अपडेटला ते उलटतात. बूट मेन्यूची कळ दाबण्याची सवय लावणं जास्त सुखाचं.

यादीत उबुंटूचं नावच नाही. आता?

म्हणजे वहीतलं पान गेलं. डिस्क काढून पुन्हा लावल्यावर हे हमखास होतं: जी डिस्क जाग्यावर नाही तिची नोंद काही फर्मवेअर पुसून टाकतात, आणि डिस्क परत आली की फक्त विंडोजची नोंद पुन्हा तयार होते.

पेनड्राईव्हवरून लाइव्ह लिनक्स (डिस्कवर न टाकता चालणारं) यूईएफआय पद्धतीने चालू करा. ‘एलएसबीएलके -एफ’ दिल्यावर डिस्कांची यादी येईल. त्यात व्हीफॅट लिहिलेलं लहानसं विभाजन म्हणजे ईएसपी. समजा ते पहिल्या एनव्हीएमई डिस्कचं (वेगवान एसएसडीचा एक प्रकार) पहिलं विभाजन आहे. मग नवी नोंद अशी: ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर -सी -डी’ आणि डिस्कचं नाव, ‘-पी १’, मोठ्या एलपुढे अवतरणात नोंदीचं नाव, आणि लहान एलपुढे अवतरणात फाईलचा पत्ता, म्हणजे ईएफआय, त्यात उबुंटू, त्यात ‘शिमएक्स६४.ईएफआय’. पत्त्यातल्या तिरक्या रेघा विंडोजसारख्या उलट्या द्यायच्या आणि पत्ता एकेरी अवतरणात ठेवायचा, नाहीतर टर्मिनल त्या गिळून टाकतं. डिस्कच्या नावात विभाजनाचा क्रमांक घालायचा नाही, तो -पीपुढेच. नवी नोंद आपसूक रांगेत पहिली बसते.

हे करताना एकदा एका मुलाने दहा वेळा तीच कमांड दिली आणि यादीत दहा उबुंटू तयार झाले. बिघडत काही नाही, पण गोंधळ होतो. जादाची नोंद ‘सुडो ईएफआयबूटएमजीआर -बी ०००७ -बी’ अशी काढायची, त्यातला पहिला बी लहान आणि दुसरा मोठा.

उलटं झालंय. ग्रब येतं, पण त्यात विंडोज नाही.

२०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून दुसऱ्या सिस्टिम शोधण्याचं काम सुरक्षेच्या कारणाने मुळातच बंद ठेवलेलं आहे. ईटीसी फोल्डरातल्या डिफॉल्टमध्ये ‘ग्रब’ नावाची फाईल असते. तिच्यात ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स’ ही ओळ घाला, बरोबरच्या चिन्हाच्या डावीकडची सगळी अक्षरं मोठी आणि ‘फॉल्स’ लहान. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’ द्या. ‘फाऊंड विंडोज बूट मॅनेजर’ अशी ओळ पडद्यावर आली की काम झालं.

शेवटी जे वापरलं तेच पुढच्या वेळी आपोआप यावं असं वाटत असेल तर त्याच फाईलमध्ये ‘ग्रब_डिफॉल्ट=सेव्ह्ड’ आणि ‘ग्रब_सेव्हडिफॉल्ट=ट्रू’. घरात दोघं जण एकच लॅपटॉप वापरत असतील तर हे करू नका, प्रत्येकाला दुसऱ्याचंच उघडलेलं दिसतं.

क्रम बदलला आणि निळ्या पडद्यावर ४८ आकडी की मागतोय!

बिटलॉकर. विंडोजची डिस्क कुलूपबंद आहे, आणि बूटचा मार्ग बदललेला पाहून कुलूप सावध झालं. विंडोज ११ च्या होम आवृत्तीतही हेच ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ या नावाने असतं, आणि ते चालू आहे हे मालकाला ठाऊकच नसतं. की बहुतेक वेळा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते. मोबाईलवरून लॉगिन करून डिव्हाइसच्या पानावर मिळते. अडचण होते ती लॅपटॉप दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर सुरू करून दिलेला असतो तेव्हा. एका मावशींचा लॅपटॉप असाच होता. मुलाच्या लग्नाचे सगळे फोटो आत, आणि की कोणाच्या तरी विसरलेल्या अकाउंटमध्ये. नशिबाने दुकानातल्या मुलाला तो ईमेल आठवला. माझ्या टेबलाजवळ बसून त्यांनी ती की वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घेतली, प्रत्येक सहा आकड्यांनंतर थांबून माझ्याकडून तपासून घेत.

म्हणून बायॉसला, क्रमाला किंवा सिक्युअर बूटला (ओळखीची सही असलेल्या फायलीच चालू होऊ देणारी सोय) हात लावण्याआधी की कागदावर घ्या. ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:’ दिलं की ती दिसते. मग कंट्रोल पॅनेलमधून बिटलॉकर ‘सस्पेंड’ करा. होम आवृत्तीत तो पर्याय दिसत नसेल तर ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -डिसेबल सी:’. विंडोज पुन्हा चालू झाल्यावर संरक्षण परत सुरू झालंय ना, हे तपासा.

सिक्युअर बूट बंद करून टाकू का?

उबुंटू, फेडोरा, डेबियनसाठी गरज नाही. त्यांची शिम फाईल मायक्रोसॉफ्टच्या सहीची असते, फर्मवेअर ती मानतं. बंद करणं हा उपाय म्हणून सरसकट सांगितला जातो, त्याने वर सांगितलेला बिटलॉकरचा प्रसंग मात्र ओढवू शकतो.

एक अपवाद लक्षात ठेवण्यासारखा. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज सुरक्षा अपडेटनंतर जगभर ड्युअल बूटवाल्यांचं लिनक्स अडलं. ‘शिम एसबॅट’ची पडताळणी फसली आणि ‘सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन’ झालं असा संदेश यायचा. कारण जुन्या शिमना बाद ठरवणारी यादी फर्मवेअरमध्ये लिहिली गेली होती. जुना पेनड्राईव्ह वापरताना तो संदेश आजही भेटतो. तेव्हा सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करा, लिनक्स चालू करून ‘सुडो मोकयुटिल --सेट-एसबॅट-पॉलिसी डिलीट’ द्या, एकदा पुन्हा लिनक्समध्ये या, सगळी अपडेट घ्या आणि सिक्युअर बूट परत चालू करा. शेवटची पायरी विसरू नका.

बायॉसमध्ये शिरताच येत नाही, आणि लिनक्समधून विंडोजच्या ड्राईव्हवर काही लिहिता येत नाही.

दोन्हीचं मूळ बहुधा एकच: फास्ट स्टार्टअप. ते चालू असलं की ‘शट डाऊन’ म्हणजे पूर्ण बंद होणं नसतं. विंडोजचा गाभा डिस्कवर साठवून यंत्र अर्धवट झोपतं. लिनक्सला तो ड्राईव्ह अर्धवट वापरात दिसतो, म्हणून ते फक्त वाचू देतं. हे लिनक्सने केलेलं चांगलंच आहे. जबरदस्तीने लिहिलं तर फायली बिघडतात. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, तिथली खूण काढा. तोपर्यंत शट डाऊनऐवजी रिस्टार्ट वापरा, ते खरं असतं. कळ न पकडता बायॉसमध्ये जायचं तर ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून ‘शटडाऊन /आर /एफडब्ल्यू /टी ०’, आणि लिनक्समधून ‘सिस्टिमसीटीएल रीबूट --फर्मवेअर-सेटअप’.

पावसात चार वेळा लाईट गेली, त्यानंतर डेस्कटॉपवर ना विंडोज उघडतं ना लिनक्स. तारीखही कुठल्या कुठे गेली.

तारीख मागे गेली असेल तर आधी मदरबोर्डवरची नाण्याएवढी सेल बदला: सीआर२०३२, ३ व्होल्टची, घड्याळवाल्याकडेही मिळते. बूटच्या नोंदी बहुतेक यंत्रांत फ्लॅशमध्ये असतात, त्या सेलबरोबर जात नाहीत. पण बाकीची सेटिंग मूळपदावर येतात, आणि खोच तिथेच असते. डिस्कचा मोड, म्हणजे यंत्राने डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआयवरून रेड किंवा व्हीएमडीवर (किंवा उलट) गेला की विंडोज ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ म्हणून निळं पडतं आणि लिनक्सलाही कधीकधी डिस्क दिसत नाही. लेगसी चालू झालं असेल तर क्रमच वेगळा दिसतो. म्हणून सेल बदलल्यावर बायॉसमध्ये चार गोष्टी बघा: तारीख, डिस्कचा मोड, यूईएफआय आणि सिक्युअर बूट. पूर्वी काय होतं ते आठवत नसेल तर एका वेळी एकच बदलून पाहा.

आपल्या दमट हवेत जून ते सप्टेंबर सेलच्या पट्टीवर हिरवट थर चढलेला मी पुष्कळदा पाहिला आहे, किनाऱ्याजवळच्या घरांत तर जास्तच. यंत्र पूर्ण बंद करून, प्लग काढून, सुक्या मऊ कापडाने पट्टी पुसा आणि मगच नवी सेल बसवा.

विंडोजमध्ये घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे दिसतं. क्रमाशी संबंध आहे का?

क्रमाशी नाही, दोन सिस्टिम असण्याशी आहे. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं, विंडोज तीच वेळ स्थानिक समजून वाचतं; फरक भारतीय वेळेइतकाच, ५ तास ३० मिनिटं. लिनक्समध्ये ‘टाईमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ दिलं की दोघांचं जमतं.

लिनक्स काढून टाकायचं आहे. विभाजन पुसलं तर चालेल ना?

चालेल, पण नुसतं तेवढंच केलं तर पुढच्या वेळी काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ एवढाच शब्द आणि लुकलुकणारी रेघ दिसते, कारण ग्रबची फाईल ईएसपीत शिल्लक असते आणि तिला तिची माहिती सापडत नाही. म्हणून उलट्या दिशेने जा. लिनक्समधल्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या आणि त्या दुसऱ्या यंत्रावर उघडून बघा. मग विंडोजला रांगेत पहिलं करा आणि दोनदा रिस्टार्ट करून ते थेट उघडतंय याची खात्री करा. त्यानंतरच उबुंटूची नोंद काढा आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून लिनक्सचं विभाजन पुसा. शेवटी ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘माऊंटव्हॉल एस: /एस’ देऊन ईएसपी उघडा, ईएफआयमधला फक्त उबुंटू फोल्डर काढा. शेजारच्या मायक्रोसॉफ्ट आणि बूट फोल्डरांना हात लावू नका, आणि ईएसपी रिकामं दिसतंय म्हणून ते विभाजनच पुसू नका. घाईत तेच पुसून झालेला एक लॅपटॉप आत्ता हे लिहिताना माझ्या टेबलावर आहे. विंडोजच्या पेनड्राईव्हवरून नवं ईएसपी बनवून बूटच्या फायली परत टाकण्याचं काम चालू आहे, आणि मालकाचं सगळं सामान सी ड्राईव्हमध्ये सुखरूप आहे.